ठाण्याची पायरी : आपला माणूस खाकीत असला की भागतं का?

पोलीस ठाण्याशी संबंधित वाचकांच्या प्रश्नांना या सदरात नाशिकच्या एक निवृत्त महिला पोलीस उपनिरीक्षक उत्तरं देतात.

प्रश्न : ताई, मी सटाण्याचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. यंदा उन्हाळ्यात ह्यूस्टनला मुलाकडे राहून आलो. त्यांच्या कॉलनीत गवत कापायला चार मेक्सिकन मजूर यायचे. एके दिवशी कोपऱ्यावर पोलिसांची गाडी थांबली, तशी ही चौघं यंत्रं तिथंच टाकून गॅरेजच्या आड झाली. गाडीतून उतरलेल्या पोलिसाच्या छातीवर ‘गार्सिया’ अशी पाटी. म्हणजे त्यांच्यातलाच. कुणाच्या तरी घराचा अलार्म वाजला म्हणून तो आला होता, पाच मिनिटांत गेलाही. ही माणसं मात्र अर्धा तास बाहेर आली नाहीत. आपलाच माणूस वर्दीत असताना एवढी भीती कशाची? आणि मग पोलिसात सगळ्या समाजांची माणसं आली पाहिजेत असं आपण इथं म्हणतो, त्याला अर्थ काय उरला?

उत्तर : गुरुजी, अर्थ आहे, पण आपण धरून चालतो तेवढा नाही. तो कुठवर आहे ते सांगते, त्यासाठी आधी एका रात्रीची हकीकत ऐका.

१९९१ चा पावसाळा. मी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात महिला शिपाई होते, नोकरीला जेमतेम तीन वर्षं झालेली. रात्री नऊच्या सुमारास एक भिल्ल बाई ठाण्यात आली. लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं, पायात काही नाही. ठाणे अंमलदार दक्षिण महाराष्ट्रातून बदलून आलेले होते, माणूस वाईट नव्हता. बाई रडत ‘मन्ही आंडेर, मन्ही आंडेर’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्यांनी लिहून घेतलं : मुलगा हरवला, वय सात. अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं. पण आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. फरक एका कान्याचा. बिनतारी संदेश गेला तो सात वर्षांच्या मुलाचा, आणि आजूबाजूच्या ठाण्यांनी रात्रभर मुलगा शोधला.

सकाळी आठला मी ड्यूटीवर आले. बाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. माझं माहेर बागलाणातलं, वडील सालदार, घरात अहिराणीच. सवयीनं तोंडातून गेलं, ‘काय व्हयनं माय?’ तिनं माझं मनगट धरलं ते सोडेचना. दोन मिनिटांत सगळं कळलं : मुलगी आहे, नाकात चमकी, लाल परकर, बाजारात हात सुटला. स्टेशन डायरीला दुरुस्तीची नोंद झाली, दुसरा संदेश गेला, आणि अकरा वाजता पोर सापडली. पंधरा किलोमीटरवरच्या एसटी स्टँडवर पेरू विकणाऱ्या एका म्हातारीच्या पोत्यावर झोपली होती. तिथला होमगार्ड रात्री तिच्या शेजारून दोनदा गेला होता. त्याला मुलगा शोधायचा होता.

म्हणून, आपली बोली बोलणारा माणूस ठाण्यात असण्याला अर्थ आहे की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता त्या सकाळी सुटला.

आता तुमच्या ह्यूस्टनकडे येते. माझी भाची तिकडे समाजकार्य शिकली. ती मला या विषयावरचं पाठवत असते आणि मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचत असते, त्यालाही आता दहा वर्षं होतील. तुमचे ते चौघं काय आणि गार्सिया काय, तिकडे सगळ्यांना लॅटिनोच म्हणतात. लॅटिनो म्हणजे काही एक जात नाही की एक वंश नाही. मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा, साल्वादोर अशा कितीतरी मुलुखांतून आलेली किंवा पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेली माणसं. २०२० च्या जनगणनेत ती ६ कोटी २१ लाख भरली, म्हणजे अमेरिकेत शंभरातली जवळपास १९. टेक्सास तर १८३६ पर्यंत मेक्सिकोतच होतं. तेव्हा सगळेच ‘बाहेरून आलेले’ नाहीत.

१९७७ च्या मे महिन्यात याच ह्यूस्टनमध्ये होजे कँपोस टॉरेस नावाच्या २३ वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी एका बारमधून पकडलं. व्हिएतनामच्या युद्धाच्या काळात सैन्यात राहून आलेला पोरगा. त्याला इतकं मारलं की तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी ताब्यात घ्यायला नकार दिला आणि आधी दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. पोलिसांनी दवाखान्यात नेलं नाही, बफेलो बायू नावाच्या ओढ्यावर नेलं. तीन दिवसांनी प्रेत पाण्यावर आलं, त्या दिवशी तिथं मातृदिन होता. राज्याच्या कोर्टात दोन पोलिसांवर निष्काळजीपणाचा गुन्हा शाबीत झाला. शिक्षा काय, तर तुरुंगाबाहेर राहून एक वर्षाची देखरेख (प्रोबेशन) आणि १ डॉलर दंड. पुढच्या वर्षी मूडी पार्कमध्ये दंगल उसळली. गुरुजी, मी स्वतः वर्दीत आयुष्य काढलंय, आणि तो १ डॉलर वाचून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. ह्यूस्टनच्या पोलीस प्रमुखांनी त्या घराची माफी मागितली ती २०२१ मध्ये, ४४ वर्षांनी.

अशा शहरात खून झाला, साक्षीदार फक्त स्पॅनिश बोलणारा असला, आणि तपासी अंमलदाराला स्पॅनिशचा गंध नसला, तर तो साक्षीदार काय सांगणार आणि कशाला सांगणार? लॅटिनो वस्तीतल्या खुनांच्या फायली तशाच पडून राहायच्या. १९७९ मध्ये ह्यूस्टन पोलिसांनी पाच तरुण लॅटिनो पोलीस निवडून एक वेगळं पथक केलं, ‘चिकानो स्क्वाड’. चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचा अमेरिकन. खुनाच्या तपासाचा अनुभव नव्हता त्यांना. पण ही पोरं त्या गल्ल्यांतली होती, आजीबाईच्या ओट्यावर बसून बोलू शकत होती, आणि रखडलेले गुन्हे उलगडायला लागले. माझ्या त्या ‘काय व्हयनं माय’चंच हे मोठं रूप.

संख्याही तेव्हापासून वाढली. अमेरिकेच्या स्थानिक पोलीस दलांत १९८७ मध्ये लॅटिनो जेमतेम ५ टक्के होते, २०१३ मध्ये १२ टक्क्यांच्या घरात गेले. लॉस एंजेलिस शहराच्या पोलिसांत तर आज निम्म्याच्या आसपास तेच आहेत. वरच्या खुर्चीला मात्र वेळ लागतो. न्यूयॉर्कचं दल १८४५ मधलं, त्याला पहिला लॅटिनो आयुक्त मिळाला २०२३ मध्ये.

मग तुमचे ते चौघं लपले का? त्यांनी गार्सियाची पाटी वाचली नाही असं समजू नका. पण गार्सियाला काय विचारायची मुभा आहे, हे त्यांना पाटीपेक्षा जास्त ठाऊक होतं. टेक्सासमध्ये २०१७ मध्ये एक कायदा झाला, सिनेट बिल ४. अडवलेल्या किंवा पकडलेल्या माणसाला ‘तू या देशात कायदेशीर आहेस का’ असं स्थानिक पोलीस विचारू शकतात, आणि कुठल्याही गावच्या पोलीस प्रमुखानं त्यांना तसं विचारायला मनाई करायची नाही, असा तो कायदा. गार्सिया स्वभावानं देवमाणूस असेलही. पण उद्या त्याच्याऐवजी दुसरा कुणी येईल, आणि गवत कापणाऱ्याला घरी तीन लेकरं आहेत. त्यानं जोखीम का घ्यावी?

त्या वेळी ह्यूस्टनचे पोलीस प्रमुख होते आर्ट आसेवेडो. क्यूबात जन्मलेले, लहानपणी निर्वासित म्हणून आलेले, म्हणजे अगदी ‘आपला माणूस’ आणि तोही सगळ्यात वरच्या खुर्चीत. हा कायदा येऊ घातला होता तेव्हा त्यांनी जाहीर सांगितलं की २०१७ च्या पहिल्या तीन महिन्यांत लॅटिनो बायकांकडून येणाऱ्या बलात्काराच्या तक्रारी आदल्या वर्षाच्या त्याच तीन महिन्यांपेक्षा ४२.८ टक्क्यांनी घटल्या. बाकीच्या समाजांतल्या तक्रारी त्याच काळात थोड्या वाढल्या होत्या. बलात्कार कमी झाले म्हणून तक्रारी कमी झाल्या, असं ते म्हणाले नाहीत. बायका ठाण्याकडे यायच्या थांबल्या, असं म्हणाले. मी महिला तक्रारींचं काम अकरा वर्षं केलंय. आलेली बाई मोजता येते. दारापर्यंत येऊन परत गेलेली बाई कुठल्याच रजिस्टरला नसते. मला तो आकडा वाचताना त्या परत गेलेल्या बायका दिसल्या.

याच्या उलटं उदाहरणही तिथलंच आहे. १९७९ मध्येच लॉस एंजेलिसच्या पोलिसांना एक आदेश निघाला, विशेष आदेश क्रमांक ४०. निव्वळ माणसाचं नागरिकत्व शोधून काढण्यासाठी पोलिसांनी कारवाई सुरू करायची नाही. आदेश काढणारे प्रमुख डॅरिल गेट्स. लॅटिनो नव्हते, आणि मवाळ तर मुळीच नव्हते, कडक म्हणूनच ओळखले जायचे. पण ज्याच्याकडे चोरी झाली त्याने, मार खाल्लेल्याने, डोळ्यांनी खून पाहिलेल्याने ठाण्यात यावं असं वाटत असेल, तर त्याला दारातच कागद विचारून चालत नाही, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. म्हणजे बघा, आपल्यातला नसलेला माणूस एका कागदावर सही करून जे करून गेला, ते आपल्यातला माणूस सर्वोच्च खुर्चीत असून ह्यूस्टनमध्ये करू शकला नाही, कारण वरच्या कायद्यानं त्याचे हात बांधलेले.

युवाल्डीची गोष्टही तुमच्या मुलाला माहीत असेल, टेक्सासमधलीच. २४ मे २०२२ ला शाळेत बंदूकधारी शिरला, १९ लेकरं आणि २ शिक्षिका गेल्या. गावातले बहुतेक लोक लॅटिनो, शाळेच्या पोलिसांचा प्रमुख तिथलाच लॅटिनो, बाहेर जमलेल्या ३७६ पोलिसांतही त्यांच्यातले पुष्कळ. आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. बाहेर आया ओरडत होत्या, त्यांना पोलीस अडवत होते. आडनाव सारखं असल्यानं त्या दिवशी कुणाचं लेकरू वाचलं नाही. तिथं प्रशिक्षण हवं होतं, हुकूम देणारा हवा होता आणि पुढे पाय टाकणारा हवा होता.

एक कबुलीही देते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याशिवाय अर्धंच राहील. नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मी माझ्याच भागातल्या लोकांशी जास्त कडक वागले. यात्रेच्या बंदोबस्ताला अहिराणी बोलणाऱ्या बायकांना मी हाताला धरून ओढलंय, शहरातल्या बायकांशी तसं वागले नसते. कारण सहकाऱ्यांनी ‘हिचे लोक’ म्हणू नये ही धास्ती. एका म्हातारीनं वळून नुसतं पाहिलं माझ्याकडे, बोलली काही नाही. तिचा चेहरा अजून विसरले नाही मी. आपल्यातला माणूस खात्यात एकटा असला की तो आधी खात्याला पटवत बसतो की मी तुमचाच आहे. अमेरिकेच्या सीमेवर माणसं पकडणाऱ्या बॉर्डर पेट्रोलमध्ये निम्म्याच्या आसपास लॅटिनो आहेत, हे वाचल्यावर मला नवल वाटलं नाही. पगार चांगला, नोकरी सरकारी, आणि सिद्ध करायचं ओझं रोजचं.

आपल्याकडे भिवंडीत १९७० आणि १९८४ च्या दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून गेले आणि मोहल्ला समित्या उभ्या केल्या. गल्लीगल्लीत दोन्ही समाजांची माणसं आणि पोलीस ठरावीक दिवशी एकत्र बसायची, भांडण नळाचं असो की बोळाचं. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे साहेब काही त्या मोहल्ल्यातले नव्हते.

तेव्हा गुरुजी, भरती सगळ्या समाजांतून झालीच पाहिजे, त्यात मी तसूभर मागे हटणार नाही. त्यामुळे आलेल्या बाईला तोंड उघडता येतं. पण तोंड उघडल्यावर तिला पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे ठरवणारा नियम जर तिच्या विरोधात असेल, तर तिची बोली बोलणारी शिपाई तिला फक्त तिच्या भाषेत परत पाठवेल. तुमच्या नातवाला त्या चौघांची नावं माहीत आहेत का, विचारून पाहा. माझ्या भाचीनं तिच्या गल्लीत सुरुवात तिथूनच केली होती.

प्रश्न : मॅडम, मी सुरगाणा तालुक्यातली. बारावी झाली आहे, पोलीस भरतीची तयारी नाशिकला राहून करते. घरात कोकणा बोली, शुद्ध मराठी बोलताना अडखळते. क्लासमधल्या मुली हसतात. बोलण्यामुळे माझे मार्क जातील का? आणि भरती झाले तर या बोलीचा ठाण्यात काही उपयोग असतो का?

उत्तर : बाळा, शिपाई भरतीत मुलाखतच नसते. मैदानी ५० गुण आणि लेखी १०० गुण. तुला ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, त्यात ८०० मीटरला २० आणि बाकी दोन्हींना १५-१५. उंची १५५ सेंटिमीटर लागते, ती तू मोजली असशीलच. महिलांना ३० टक्के आरक्षण आहे. बोलताना अडखळल्यानं एकही गुण जात नाही. लेखी परीक्षा मराठीत असते, म्हणून मराठी वाचन वाढव, रोज वर्तमानपत्र मोठ्यानं वाच. त्यातच व्याकरणही सुधारतं. गोळ्याकडे मुली दुर्लक्ष करतात आणि तिथंच पाच-सात गुण सांडतात, ते करू नकोस.

उपयोगाचं विचारलंस. वरची हकीकत वाच. पण तुला एक गोष्ट आतापासून सांगून ठेवते, मला ती कुणी सांगितली नव्हती. तुझी बोली कळली की तुला सगळे बोलावतील. ‘ये गं, तुझ्याकडची बाई आलीय, बघ काय म्हणते.’ जा, जरूर जा. मात्र तू भाषांतर करून दिलेल्या जबाबात तुझं नाव आलं पाहिजे, की जबाब अमुक महिला शिपायानं कोकणा बोलीतून समजून घेतला आणि वाचून दाखवला. तसा आग्रह धर. नाहीतर उद्या कोर्टात वकील विचारतो की बाईला मराठी येत नाही, मग हे मराठीत सांगितलं कुणी? आणि खटला तिथंच ढेपाळतो. माझ्यासमोर झालंय हे. अमेरिकेत अनेक शहरांत दुसरी भाषा येणाऱ्या पोलिसाला वेगळा भत्ता देतात. काम म्हणून ते मोजलं जातं. आपल्याकडे तुझ्या बोलीला कुणी काम म्हणेल तेव्हा म्हणेल, तोवर निदान कागदावर तरी तिची नोंद होऊ दे.

दुसरं, गावाकडून लोक येतील. ‘आपली पोरगी हाये, मिटवून टाक.’ मारहाण, छळ, पोरीबाळींचं प्रकरण तोंडी मिटवायला बसू नकोस, कितीही जवळचा माणूस आला तरी. तुझ्यावरचा पाड्यातल्या बायकांचा विश्वास त्या एका मिटवण्यात जातो आणि पुन्हा येत नाही. हसणाऱ्या मुलींचं मनावर घेऊ नकोस. प्रशिक्षणात पहाटेच्या परेडला उभ्या राहाल तेव्हा डोंगर चढून वाढलेले पाय तुझेच असतील.

प्रश्न : सातपूरला आमच्या सहा खोल्या भाड्यानं आहेत. बिहारचा एक वेल्डर राहतो. पगाराच्या रात्री दोघांनी त्याला धरून मोबाइल आणि पैसे हिसकावले. ठाण्यात चल म्हटलं तर म्हणतो, ‘पहले हमसे ही पूछेंगे, तुम कौन हो.’ त्याची भाडेकरू म्हणून माहिती मी पोलिसांना दिलेली नाही, त्यामुळे मलाही जरा भीती वाटते. काय करावं?

उत्तर : दादा, भीती तुमची आहे आणि नुकसान त्याचं, हे आधी वेगळं करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिचं कलम १७३ बघा. दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट तपासाला घ्यायच्या गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी लिहून घ्यावी लागते, ती वाचून दाखवावी लागते, मगच सही. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी खबर घ्यावीच लागते. घेतली नाही तर तेच म्हणणं लेखी स्वरूपात वरिष्ठांकडे पाठवता येतं, शहरात पोलीस उपायुक्तांकडे. तो हिंदीत सांगेल, सांगू द्या. त्याच्यासाठी तुम्ही मराठीत सांगायला जाऊ नका, तुमच्या तोंडून ती तुमची हकीकत होते. मोबाइलचं बिल किंवा खोक्यावरचा आयएमईआय, म्हणजे मोबाइलचा ओळख क्रमांक बरोबर न्या.

कुणी ‘तू कौन, कब आया’ म्हणून सुरुवात केली, तर शांतपणे सांगा की आधी फिर्याद घ्या, बाकीचं मी घरमालक म्हणून सांगतो. आणि भाडेकरूची माहिती दिली नसेल तर ती चूक तुमची आहे, त्याची नाही. सहाही खोल्यांचा अर्ज भरून ठेवा, पण तो त्या दिवशी त्याच्या फिर्यादीत मिसळू नका. फिर्याद आज रात्रीच द्या, अर्ज घेऊन सोमवारी तुम्ही एकटे जा.